शालेय विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीची ओळख : हुबळी आणि पाबळ येथील प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कोप्पीकर रोड हा हुबळीतील गजबजलेला बाजाररस्ता आहे. विद्यानगरातील अभियांत्रिकी महाविद्यालय तेथून काही किलोमीटरवरच आहे. परंतु बाजारात हातावर पोट असणाऱ्या कारागिरांच्या मुलांना हे अंतर फार मोठे वाटते. घरी कन्नड, मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला 'अभियांत्रिकी' हा शब्द बहुधा बारावीनंतर, प्रवेश परीक्षेच्या वेळीच भेटतो. तोपर्यंत गणित आणि विज्ञानाची वाट सुटलेली असते. हे अंतर कमी करण्यासाठी उच्च शिक्षणसंस्थांनी आणि त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांनी शाळांपर्यंत जाण्याचे जे प्रयत्न केले, त्यांपैकी काय रुजले आणि का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारखाना आणि महाविद्यालय

हुबळीला यंत्रविद्येची परंपरा जुनी आहे. सदर्न मराठा रेल्वेने 1885 मध्ये येथे रेल्वेचा कारखाना सुरू केला. तेथे लोहार, सुतार आणि फिटर उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकले. पुढे 1947 मध्ये बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना झाली. 2015 मध्ये त्याचे के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठात रूपांतर झाले. अशा रीतीने शहरात हाताची विद्या आणि पुस्तकाची विद्या दोन्ही नांदल्या, मात्र वेगवेगळ्या आवारांत. कारखान्यातला उस्ताद शाळेत आला नाही आणि महाविद्यालयातला प्राध्यापकही शाळेपर्यंत क्वचितच पोहोचला. शाळेत विज्ञान फळ्यावरच राहिले.

पाबळचा धडा

या प्रश्नाचे एक ठोस उत्तर पुणे जिल्ह्यात शोधले गेले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि नंतर हिंदुस्थान लिव्हर येथे त्यांनी संशोधन केले. 1983 मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष काम करावे, अशी त्यांची योजना होती. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे तिचे चार विभाग होते. मुले वेल्डिंग करीत, विजेची जोडणी करीत, मातीची आणि रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी करीत. गावाला हवी असलेली कामे ती वाजवी दरात करून देत. शिकवण्यासाठी स्थानिक, हाताने काम येणारे निदेशक घेतले जात.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाने 1987 मध्ये 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयाला मान्यता दिली. ही घटना निर्णायक होती. विषयाला गुण मिळाले, वेळापत्रकात तास मिळाला आणि पालकांच्या नजरेत प्रतिष्ठाही मिळाली.

2002 मध्ये पाबळला एका परदेशी विद्यापीठाची जोड मिळाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., येथील नील गर्शेनफेल्ड यांच्या केंद्राने आपले संशोधन समाजापर्यंत नेण्याच्या हेतूने 'फॅब लॅब' ही छोटी कार्यशाळा कल्पिली होती. एम.आय.टी.बाहेरील अशा सुरुवातीच्या कार्यशाळांपैकी एक पाबळमध्ये उभी राहिली. संगणकाने चालणारी यंत्रे तेथे रुजू शकली, कारण मुलांच्या हाताला कामाची सवय आधीच लागलेली होती. डॉ. कलबाग 2003 मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतरही काम चालू राहिले.

पुन्हा हुबळी

हुबळीत जन्मलेले उद्योजक गुरुराज देशपांडे यांच्या फाउंडेशनने 2000 नंतरच्या दशकात या भागात काम वाढवले. त्याचे केंद्र भूमरड्डी महाविद्यालयाच्याच आवारात होते. या फाउंडेशनच्या साहाय्याने, 1999 मध्ये स्थापन झालेल्या अगस्त्य फाउंडेशनने फिरत्या प्रयोगशाळा शाळांच्या दारात नेल्या. स्वस्त साहित्याच्या प्रतिकृती मुलांनी स्वतः हाताळाव्यात आणि तयार झालेल्या मुलांनी इतरांना शिकवावे, अशी त्यांची पद्धत आहे. 2012 मध्ये धारवाडला प्रादेशिक विज्ञान केंद्र झाले आणि 2016 मध्ये तेथे आय.आय.टी. आली. त्याच वर्षी केंद्र सरकारने शाळांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू केली.

संधी वाढल्या, हे निर्विवाद आहे. परंतु गाडी परत गेल्यावर शाळेत काय उरते, हा प्रश्न कायम आहे. प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद राहिले, तर महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

समारोप

पाबळच्या अनुभवातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, पाहुण्या तज्ज्ञापेक्षा शाळेतच असणारा आणि हातात पकड धरता येणारा शिक्षक महत्त्वाचा. दुसरी, कामाला वेळापत्रकात जागा आणि परीक्षेत गुण हवेत. तिसरी, मूल जे बनवते ते कोणाच्या तरी उपयोगाला यावे. यांत भाषेची बाबही जोडली पाहिजे. विद्यापीठाची भाषा इंग्रजी असली, तरी पहिला प्रयोग मुलाला त्याच्या भाषेत समजावला जाणे आवश्यक आहे.

ज्या घरात बाप दिवसभर मोटार दुरुस्त करतो, त्या घरातील मुलाला अभियांत्रिकी परकी नसते. तिचे नावच काय ते परके असते. ते नाव त्याला आठवीत ऐकू यायचे की बारावीनंतर, यावर त्याच्या पुढच्या आयुष्याची दिशा बरीचशी अवलंबून असते. विद्यानगर आणि कोप्पीकर रोड यांमधील अंतर कमी करण्याचे काम म्हणूनच शाळेच्या वर्गात, आठवड्याच्या त्या एका दिवशी सुरू झाले पाहिजे.