खोकल्याच्या औषधाची वाटचाल

खोकला हा शरीराचा पहारेकरी आहे. श्वासमार्गात धुळीचा वा अन्नाचा कण शिरला की तो त्यास बाहेर घालवितो. परंतु संकट टळल्यावरही त्याची हाकाटी थांबली नाही, तर तोच घरादाराची झोप उडवितो. प्रौढांत आठ आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला जुनाट समजला जातो. क्षय, दमा, आम्लपित्त अशा कारणांचा शोध घेऊनही तो काहींना वर्षानुवर्षे सोडीत नाही.

पहारेकऱ्यास गप्प करण्याचा जुना उपाय म्हणजे अफू. १८३२ साली रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अफूतून कोडीन वेगळे केले. मेंदूकडून येणारी खोकल्याची आज्ञाच ते मंदावते. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावर 'हेरॉइन' विकावयास काढले. त्याचे व्यसन लागत नाही, अशी तेव्हा समजूत होती. ती लवकरच खोटी ठरली आणि १९२४ साली अमेरिकेने त्याच्या निर्मितीवर बंदी घातली. रोगापेक्षा इलाज भयंकर, याचा तो पुरावाच होय. १९५८ मध्ये तेथे मान्यता पावलेले डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्यामानाने सौम्य. तथापि त्याचाही रोख मेंदूकडेच होता.

नवी वाट अनपेक्षित दिशेने उघडली. पेशींना ऊर्जा पुरविणारे एटीपी हे मज्जातंतूंचे संदेशवाहकही असते, असा सिद्धांत १९७२ साली जेफ्री बर्नस्टॉक यांनी मांडला. विद्वानांना तो बरीच वर्षे पटला नाही. पुढे एटीपीचा संदेश टिपणारे रेणू सापडले. त्यांपैकी 'पी-टू-एक्स-थ्री' हा श्वासमार्गातील मज्जातंतूंवर असतो. तेथील पेशी क्षुब्ध होऊन एटीपी पाझरले की तो चेततो आणि उबळ येते.

हाच रेणू अडविणाऱ्या गेफापिक्संटला २०२२ साली जपानने व २०२३ मध्ये युरोपीय संघाने मान्यता दिली. अमेरिकेने मात्र ती नाकारली. निरुपद्रवी गोळीच्या तुलनेत खोकला सुमारे १५ ते १८ टक्केच घटला होता. शिवाय जिभेच्या तंतूंवरही त्याच कुळातील रेणू असल्याने निम्म्याहून अधिक रुग्णांची चव बिघडली. ही उणीव टाळण्यासाठी कॅम्लिपिक्संटसारखी अधिक नेमकी औषधे संशोधनात आली.

उबळीने रात्र बसून काढणाऱ्यास हा विलंब जाचक वाटेल. परंतु १८९८ च्या घाईची किंमत रुग्णांनीच मोजली होती, हे विसरून चालणार नाही.