विधी विभागातून निघालेले पत्र

कायद्याच्या प्राध्यापकांनी निकालपत्रे शिकवावीत, त्यांविरुद्ध उभे राहू नये, असे मानणारे पुष्कळ आहेत. १९७९ साली ही चौकट मोडली गेली, ती निकाल बारकाईने वाचल्यामुळेच. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या 'मथुरा' खटल्यात नागपूर खंडपीठाने पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्री ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणून तिची संमती होती असे कसे ठरते? हा प्रश्न निव्वळ संतापाचा नव्हता. भीतीपोटीची शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी कायद्याच्याच आधारे मांडले, आणि माझ्या मते विद्यापीठीय संशोधनाचे याहून मोठे काम क्वचितच झाले असेल.

बदल पत्राने नव्हे, रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांनी घडवला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि बऱ्याच अंशी खराही. १९८० मधल्या मोर्च्यांवाचून संसद हलली नसती. पण मोर्च्यांना नेमका मुद्दा पत्राने पुरवला. एरवी तो निकाल ग्रंथालयांतच पडून राहिला असता. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले: कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, की न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरायचे. दरम्यान बक्षी आणि सरकार यांनी आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातील दुरवस्थेबद्दल पुन्हा पत्रच लिहिले होते; १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले.