तळटीप : मेल्विन बेलाय
१. मेल्विन बेलाय (१९०७–१९९६) : अपघातात जायबंदी झालेल्यांचे भरपाईचे दावे चालविण्यात हयात वेचलेले सॅन फ्रॅन्सिस्कोचे वकील. पाय गमावलेल्या एका अशिलाच्या खटल्यात, कागदात गुंडाळलेले लांबट पुडके त्यांनी मेजावर ठेवले, आणि आत तुटलेला पायच असावा या धास्तीने ज्यूरीची नजर त्यावर खिळली असता, त्यातून कृत्रिम पाय काढून तो त्यांच्या हाती दिला. १९४४ साली, शीतपेयाची बाटली फुटून जखमी झालेल्या उपाहारगृह-सेविकेच्या दाव्यात, जेथे बेलाय तिच्या वतीने उभे होते, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ट्रेनर यांनी स्वतंत्र निकालपत्राद्वारे उत्पादकाच्या निरपवाद (निष्काळजीपणा सिद्ध न होताही लागू होणाऱ्या) दायित्वाचे तत्त्व प्रतिपादिले; बेलाय यांच्या वकिलीचे खरे मोल, आमच्या मते, याच दाव्यात आहे. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर पीडितांच्या वतीने त्यांनी अमेरिकेत गुदरलेला समूहदावा, तत्सम इतर दाव्यांसह, भारतीय न्यायालयेच योग्य ठरवून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ साली काढून टाकला.