आर्नची कुळकथा

स्वीडनच्या वेस्तेरयोतलांड प्रांतात वार्नहेम नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी तिथे मठ उभारला. स्टॉकहोमचा संस्थापक मानला जाणारा बिर्येर यार्ल याच मठाच्या चर्चमध्ये चिरनिद्रा घेतो आहे. त्याच्या कुळाची नोंद इतिहासात आहे, पण त्यात आर्न नावाचा आजा नाही. हा आजा त्या कुळात आणून बसवला यान गियू यांनी.

गियू मूळचे पत्रकार. १९७३मध्ये त्यांनी सरकारच्या गुप्त हेरसंस्थेचं बिंग फोडलं आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. पुढे हेरकथांनी त्यांचं नाव घरोघरी पोचवलं. धर्मयुद्धांवरची त्यांची कादंबरीत्रयी आली १९९८ ते २०००च्या दरम्यान.

तिचा नायक आर्न मठात वाढतो, तलवार तिथेच शिकतो. सेसिलियाला त्याच्यापासून लग्नाआधीच दिवस जातात आणि दोघांना वीस वर्षांचं प्रायश्चित्त मिळतं. ती गूदहेमच्या मठात, तो टेम्पलर, म्हणजे लढवय्या साधू, होऊन जेरुसलेमच्या वाटेवर.

ताटातुटीच्या गोष्टी जगभर आहेत. मला या गोष्टीचं मोल वाटतं ते मुस्लिमांचा सुलतान सलाहुद्दीन याच्यामुळे. आर्न वाळवंटात एका वाटसरूला लुटारूंपासून वाचवतो, तो निघतो सलाहुद्दीन! ११८७च्या हत्तीनच्या लढाईनंतर तो या उपकाराची फेड करतो, आर्नला जिवंत सोडतो. प्रत्यक्षात तिथे पकडलेल्या टेम्पलरांची डोकी त्याच्याच हुकमाने उडवली गेली. तरीही गियूंची ही कल्पना निराधार नाही. १०९९मध्ये ख्रिस्ती सैन्याने जेरुसलेम जिंकलं तेव्हा कत्तल झाली होती. सलाहुद्दीनने ११८७मध्येच ते परत घेतलं तेव्हा लोकांकडून खंडणी घेऊन त्यांना जाऊ दिलं. शत्रूतला माणूस दिसावा म्हणून लेखकाने घेतलेली ही सूट मला रास्त वाटते.

या कादंबऱ्यांवरचा डॅनिश दिग्दर्शक पीटर फ्लिंट यांचा 'आर्न' हा चित्रपट २००७च्या नाताळात आला, दुसरा भाग २००८मध्ये. दोन्हींवर मिळून सुमारे २१ कोटी क्रोनर खर्च झाले; एवढा पैसा स्वीडनमध्ये तोवर चित्रपटावर कुणी लावला नव्हता. पवित्र भूमीचं वाळवंट मोरोक्कोत चित्रित झालं. आणि त्या वाळवंटातला सलाहुद्दीन आहे आपला मिलिंद सोमण.

परदेशांसाठी दोन्ही भाग कापून एकच चित्रपट केला गेला. मिळाले तर मूळचे दोन भागच पाहा.