चक्रीवादळाची सरकारी नोकरी

‘कोमागाता मारू’ या जहाजाची कथा आपल्या वाचकांस परिचित असेल. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ हिंदी प्रवाशांसह ते कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात आले. त्यावर प्रथम चढलेल्या सरकारी अधिकाऱ्यांत त्या देशाचा सर्वांत नामांकित आइस हॉकीपटू होता, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

फ्रेडरिक ऊर्फ ‘सायक्लोन’ टेलर यांचा जन्म १८८४ चा, ऑन्टारिओ प्रांतातील टारा गावचा. टोरोंटोच्या एका मातब्बर संघास त्यांनी नकार दिला, तेव्हा प्रांतिक संघटनेने त्यांच्यावर बंदीच घातली. हौशी खेळाचे सोवळे मिरविणाऱ्यांनीच या तरुणास पैशाच्या खेळाकडे लोटले, असे आम्हांस वाटते. मॅनिटोबामार्गे ते १९०६ साली मिशिगनमधील हॉटन या तांब्याच्या खाणींच्या मुलखातील गावी गेले. खेळाडूंना उघडपणे वेतन देणारी पहिली संघमालिका तेथे चालू होती.

१९०७ मध्ये ऑटावा संघाने त्यांस बोलाविले ते इमिग्रेशन खात्यातील नोकरीसह. इंदूरकरांना यात नवल वाटू नये, होळकरांनी सी. के. नायडूंना फौजेत हुद्दा देऊनच आणले होते. १९०९ चा स्टॅन्ली चषक ऑटावाने जिंकला आणि लगेच रेनफ्रू या लहानशा गावच्या धनिकांनी टेलरना एका हंगामासाठी ५,२५० डॉलर देऊ केले. सामने जेमतेम डझनभर! ऑटावाच्या संघातून उलटे स्केटिंग करीत जाऊन गोल करीन, अशी त्यांची प्रतिज्ञा प्रसिद्ध आहे. ती कितपत पुरी झाली यावर आजही वाद चालतो.

१९१२ पासून ते व्हँकुव्हरचे झाले. तेथे पॅट्रिक बंधूंनी कृत्रिम बर्फाचे भव्य क्रीडागृह उभारले होते. १९१७-१८ च्या हंगामात टेलरनी १८ सामन्यांत ३२ गोल केले. खेळ हिवाळ्याचा, कचेरी मात्र बारमाही.

त्या कचेरीनेच त्यांना जहाजावर नेले. मायदेशाहून थेट, अखंड प्रवास करून आलेल्यासच प्रवेश, शिवाय जवळ २०० डॉलर हवेत, असा नियम होता. तो कोणासाठी रचला होता हे उघड आहे. नियम टेलरनी केला नव्हता. पण आम्हीही सरकारी चाकरीत हयात घालविली आहे. हुकूम वरून येतो आणि दारात उभा राहतो तो खालचा माणूस, हे आम्ही जाणतो. आणि दारात उभे राहणे हेही एक कृत्यच असते. दोन महिने जहाज अडवून ठेवले. दोन डझन लोकांनाच उतरू दिले. सप्टेंबरमध्ये ते कलकत्त्याजवळील बजबजला लागले तेव्हा तेथील गोळीबारात सुमारे वीस जण मेले.

सहा महिन्यांनी, मार्च १९१५ मध्ये, व्हँकुव्हरने ऑटावाला हरवून स्टॅन्ली चषक पटकाविला. टेलर त्या संघाचे भूषण होते. पुढे ते ब्रिटिश कोलंबिया व युकॉनचे इमिग्रेशन कमिशनर झाले, १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एम. बी. ई. किताब दिला आणि १९५० साली ते निवृत्त झाले. १९७९ मध्ये ते वारले. जहाजाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी.