हिंदुराव धोंडे पाटील आणि साखरपट्ट्यातला प्रेक्षक

१९७५ साली पडद्यावर आलेल्या 'सामना' या चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे जामखेडचे, म्हणजे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाचे. पेशाने ते चित्रकला शिक्षक होते. पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा हा पहिलाच चित्रपट. त्याच्या मध्यभागी होता हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. मराठी प्रेक्षकाला अशा माणसाकडे पूर्ण वेळ बघत बसण्याची सवय नव्हती.

त्याआधीच्या तमाशापटांतला पाटील ओळखायला सोपा असे. फेटा, मिशी, वाड्यावर लावणीची बैठक आणि कुणाच्या तरी अब्रूवर डोळा, एवढ्यावर त्याचे काम भागे. जत्रेतल्या तंबूत मातीवर बसलेले लोक त्याला मनसोक्त शिव्या घालत, शेवटी त्याला मार पडला की टाळ्या वाजवत आणि निर्धास्तपणे घरी जात. निळू फुले यांना 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) मधल्या झेलेअण्णांनी नाव मिळवून दिले. पुढे अशा भूमिका इतक्या आल्या, की गावोगावच्या बायका त्यांना खरोखरच बदमाश समजून बोटे मोडत. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलात घडलेले, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारे गृहस्थ होते.

हिंदुराव मात्र या साच्यात बसत नाही. वाटेत भेटलेल्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला पसारा अभिमानाने दाखवतो. कारखाना त्याचा, गावातल्या संस्था त्याच्या, माणसेही त्याचीच. त्याने गावाला काहीच दिले नाही, असे म्हणायची सोय नाही. श्रीराम लागूंचा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच विचारत राहतो आणि त्या एका प्रश्नाने हा सगळा डोलारा हलू लागतो. निळू फुले यांनी इथे आवाज चढवलाच नाही. थंड नजर आणि घोगऱ्या, सावकाश बोलण्यातून त्यांनी जी दहशत उभी केली, ती चाबूक घेतलेल्या कुठल्याही पाटलाला साधली नव्हती.

नगर जिल्ह्याला हिंदुरावासारखा माणूस अनोळखी नव्हता. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवराकाठी ऊस आणला. १९५० मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. खाजगी कारखानदाराच्या दारात ताटकळणारा शेतकरी त्यामुळे कारखान्याचा सभासद झाला. ही क्रांतीच होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण कारखान्यामागोमाग बँक, शाळा, दूध संघ आले, आणि राज्यात अनेक ठिकाणी या सगळ्यांच्या किल्ल्या एकाच घरात जमल्या. ऊस वेळेवर तोडला जाणार की रानात वाळणार, मुलाला नोकरी लागणार की नाही, हे ज्याच्या मर्जीवर ठरते, त्याला पडद्यावर खुनाचा जाब विचारला जाताना पाहणे सभासद प्रेक्षकाला अवघड होते. शिवी द्यायची, तर ती आपल्या ओळखीच्या माणसाला द्यावी लागणार होती.

प्रथम प्रदर्शनात 'सामना'ला प्रतिसाद थंडच मिळाला. नाचगाण्याची मेजवानी नाही, नायिका नाही, नायक म्हणावा तर तो झिंगलेला. त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या स्पर्धेत त्याची निवड झाली. पुन्हा प्रदर्शित झाल्यावर मात्र लोक गर्दी करू लागले. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मारुती कांबळेविषयीचा प्रश्न थिएटरबाहेर पडून सभांत, अग्रलेखांत आणि चावडीवर दडपलेल्या कुठल्याही प्रकरणासाठी विचारला जाऊ लागला. हिंदुरावाबद्दलच्या चिडीपेक्षा हा प्रश्न जास्त टिकला, हेच त्या चित्रपटाचे खरे यश मानायला हवे.

तेंडुलकरांच्याच पटकथेतून आठ वर्षांनी 'अर्धसत्य' (१९८३) आला. त्यातला खलनायक रामा शेट्टी साकारला नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी. शहराच्या हौशी रंगभूमीवर वाढलेल्या या नटानेही आरडाओरडा टाळला, आणि रामा शेट्टीसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे 'सडक' (१९९१) मधल्या महाराणीसाठी खलभूमिकेचा फिल्मफेअरही त्यांच्याकडे आला. जामखेडच्या निर्मात्याने प्रेक्षकापुढे ठेवलेला शांत, सभ्य दिसणारा दुष्ट माणूस तोवर हिंदी पडद्यावरही रुळला होता.