घाटात उतरून चालला, तरी शर्यत जिंकला

आजचा भाग सायकलवाल्यांसाठी. म्हणजे खरं तर चढ दिसला की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्या प्रत्येकासाठी.

आपलं पेठ वडगाव तसं सपाट. वारणाकाठचा ऊसपट्टा, सरळ रस्ते. इथं सायकल जोरात हाणणारी पोरं खूप. पण वाठारवरून कोडोलीकडनं वाघबीळ गाठलं आणि पन्हाळ्याचा चढ सुरू झाला, की तीच पोरं गप्प होतात. मीपण झालोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्यात पाय टेकले आणि सायकल हातात धरून चालत सुटलो. ओळखीचे दोघं मोटरसायकलवरून हसत पुढं गेले. त्याची इतकी लाज वाटली की दोन महिने त्या रस्त्याला फिरकलो नाही. शर्यतीत घाट आहे म्हटलं की मी काहीतरी कारण काढून नाव द्यायचं टाळायचो.

मग मला १९१० सालची गोष्ट कळली.

टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत. १९०३ मध्ये सुरू झाली. १९१० मध्ये आयोजकांनी ठरवलं, यंदा पिरेनीजच्या उंच डोंगरांतून जायचं. रस्ता बघायला अल्फोन्स स्टाइनेस नावाचा माणूस गेला. तूर्मालेच्या खिंडीत त्याची गाडी बर्फात अडकली, रात्री अंधारात चालताना जीव जायची वेळ आली. आणि खाली पोचल्यावर पठ्ठ्यानं तार काय केली? तूर्माले पार केला, रस्ता एकदम चांगला आहे!

२१ जुलै १९१०. एका दिवसात ३२६ किलोमीटर. वाटेत एकामागून एक खिंडी, त्यातली तूर्माले २११५ मीटर उंच. कच्चा रस्ता, जड सायकल आणि आजच्यासारखे गिअर नाहीत. ओक्ताव लापीझ नावाचा गडी सगळ्यांच्या पुढं होता. पण तोसुद्धा तूर्मालेच्या चढावर काही ठिकाणी उतरून चालला. त्याच्या मागचा गारिगू मात्र एकदाही न उतरता वर गेला, म्हणून त्याला शंभर फ्रँकचं खास बक्षीस मिळालं. पुढच्या चढावर लापीझ इतका वैतागला की आयोजकांच्या माणसांना तोंडावर ‘खुनी’ म्हणाला.

आता बघा, त्या दिवसाचा टप्पा कोणी जिंकला? लापीझनं. आणि अख्खी शर्यत? तीपण लापीझनंच. चालणारा जिंकला, भावांनो!

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातलं एक ओझं उतरलं. चढावर पाय टेकणं म्हणजे हरणं नव्हे. मग हरतो कशानं? बहुतेक वेळा भीतीनं. भीतीपोटी आपण चढाच्या सुरुवातीलाच जोर लावतो आणि पहिल्या दोन वळणांतच संपतो.

यामागचं गणित सोपं आहे. सपाटीवर बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. म्हणून पुढच्याच्या मागं चिकटून राहिलं की श्रम वाचतात. चढावर वेग कमी, त्यामुळं हवेचा अडथळाही कमी. तिथं ताकद जाते ती स्वतःचं आणि सायकलचं वजन वर उचलण्यात. ते काम दुसरा कोणी आपल्यासाठी करत नाही. म्हणून घाटात घोळका फुटतो. आपल्याकडं मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो मान वेगळा का, ते इथं कळतं. टूरमध्येही डोंगर चढणाऱ्यांसाठी १९३३ पासून वेगळा किताब आहे.

लाजेचा आणखी एक किस्सा. टूरचा जनक आंरी देग्रांज याला गिअर अजिबात आवडायचे नाहीत. ते पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी आहेत, असं त्याचं म्हणणं. शेवटी १९३७ मध्ये, कारभार त्याच्या हातून गेल्यावर, टूरमध्ये गिअर बदलायची सोय सगळ्यांना मिळाली. आजही आपल्यातला एखादा हलका गिअर टाकायला लाजतो. अरे, ज्यासाठी लोकांनी इतकी वर्षं वाट बघितली, ते वापरायला लाज कसली?

आता आपल्या जवळचं उदाहरण. सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ नाशिकला नोकरीला होते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ त्यांनी २०१६ मध्ये एकट्यानं सुरू केली. ती पुरी झाली नाही. मधल्या रॉकी पर्वतातली वुल्फ क्रीक खिंड दहा हजार फुटांच्याही वर आहे. २०१७ मध्ये ते परत गेले आणि ही शर्यत एकट्यानं पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थही ती पूर्ण करून आले. पहिल्या वर्षीच्या अपयशावर गोकुळनाथांनी थांबायचं ठरवलं असतं, तर?

मीपण परत पन्हाळ्याला गेलो. या वेळी एकच नियम ठेवला: एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावायचा. चढ लागायच्या आधीच हलका गिअर. नजर गडावर नाही, पुढच्या वळणावर. एक वळण झालं की दुसरं. खाली उतरल्यावर किती वेळ लागला ते वहीत लिहिलं. दर रविवारी तोच चढ, तीच वही. तिसऱ्या रविवारी पाय न टेकता वर पोचलो. वेग काही फार नव्हता. पण पुढच्या शर्यतीच्या फॉर्मवर घाट बघून मी कारण शोधलं नाही, नाव लिहिलं.

आत्मविश्वास आधी येतो आणि मग घाट चढता येतो, असं मला वाटायचं. झालं उलटं. आधी घाट, मग वही, मग विश्वास.

तुमच्या गावाजवळचा कुठला चढ तुम्हाला घाबरवतो? या रविवारी जाऊन या. वाटेत चालावं लागलं तर लापीझला आठवा. भेटू पुढच्या भागात!